दाराच्या तळाचा गंज: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस उघडला, गाडी धुऊन पुसायला घेतली आणि दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली मुगाएवढा फुगवटा हाताला लागला. या वेळच्या पत्रांतला विषय एवढा एकच आहे. पत्रं कोकणातून आहेत, पुण्याहून आहेत, गोव्यातून आहेत आणि एक कॅनडातूनही आहे. पहिलं उत्तर बरंच लांबलं आहे, पण पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया त्यात असल्यामुळे ते आधी वाचावं ही विनंती.

प्रश्न : आमची हॅचबॅक नऊ वर्षांची आहे. मागच्या दाराच्या तळाशी, चाकाकडच्या कोपऱ्यात दोन-तीन फोड आले आहेत. गेल्या वर्षी याच जागी खरवडून, पुट्टी भरून रंग मारून घेतला होता. आठ महिन्यांत फोड परत आले. कारागिराने काम वाईट केलं का? आणि हे घरी करता येईल का?
(रत्नागिरी)

रंगकाम कदाचित चांगलंच झालं असेल. पण ते बाहेरून झालं आणि गंज आतून आहे.

गाडीचं दार म्हणजे दोन पत्र्यांची पोकळ पेटी. बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याची कडा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेली असते, करंजीला मुरड घालतात तशी. काचेच्या बाहेरून जी रबरपट्टी टेकलेली असते ती पाणी निपटते, पूर्ण अडवत नाही. त्यामुळे प्रत्येक पावसात, प्रत्येक धुण्यात दाराच्या पोटात पाणी जातंच. दार बनवणाऱ्याने ते गृहीत धरलेलं असतं. म्हणून तळाला दोन ते चार भोकं किंवा चिरा ठेवलेल्या असतात. पाणी वरून आलं, खालून गळून गेलं, तर काही बिघडत नाही.

बिघडतं ते ही भोकं बुजल्यावर. कोकणातली लाल माती, आंब्याचा मोहोर, सुरूची सुयांसारखी पानं, रबरपट्टीचा झिजून पडलेला भुगा हे सगळं पाण्याबरोबर खाली येतं आणि भोकांच्या तोंडाशी बसतं. तिथे चिखलाचा पोटीस बांधल्यासारखा होतो. त्यात समुद्राकडच्या वाऱ्याने आलेलं मीठ असतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं, म्हणजे पाऊस नसला तरी दाराचा तळ ओला राहतो. मुरडीच्या दोन पत्र्यांमधली फट इतकी बारीक असते की तिच्यात चढलेलं खारं पाणी सहज वाळत नाही. तिथे लोखंड गंजतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असल्याने तो पत्रा आणि रंग दोन्ही बाहेर ढकलतो. आपल्याला दिसतो तो फोड या प्रवासाचा शेवट असतो.

तेव्हा कामाची सुरुवात पाण्यापासून करा. गाडी सपाट जागी उभी करून दार बंद ठेवा, काच पूर्ण वर घ्या आणि तांब्याने अर्धा लिटर पाणी काचेवरून सावकाश ओता. दहा-पंधरा सेकंदांत दाराखालून थेंब पडायला हवेत. पडले नाहीत, किंवा नंतर दार उघडताना आत खळखळ ऐकू आली, तर भोकं बुजलेली आहेत. ती साफ करायला प्लॅस्टिकचा केबल टाय किंवा झाडूचा हीर घ्या. पेचकस घालू नका, त्याने भोकाच्या कडेचा रंग खरवडला जातो आणि गंजाला नवी जागा मिळते.

यानंतर आतलं पॅड, म्हणजे दाराची केबिनकडची झाकणी, काढा. हँडलच्या मागे आणि हात टेकायच्या भागाखाली स्क्रू असतात, कडेने प्लॅस्टिकच्या क्लिपा असतात. जुन्या क्लिपा तुटतातच, म्हणून चार-पाच नव्या आधी आणून ठेवा. बाजूच्या एअरबॅग असलेल्या काही गाड्यांमध्ये दारातच त्यांचा सेन्सर असतो. तेव्हा बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय आत हात घालू नका. पॅडमागची प्लॅस्टिकची शीट न फाडता सोलून बाजूला घ्या, मोबाइल आणि टॉर्चचा उजेड आत धरून तळाचा फोटो काढा. चिखल हलक्या धारेने धुऊन काढा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग दोन दिवस ऊन किंवा हेअर ड्रायरची गरम हवा द्या.

आता पेचकसाचं टोक फोडाच्या जागी हलक्या हाताने दाबा. आत गेलं तर थांबा. ते वेल्डिंगचं काम आहे, त्याबद्दल साताऱ्याच्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे. पत्रा टणक लागला तर घरी काम होऊ शकतं.

फोडाच्या चारही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर पुढे जाऊन, चकचकीत पत्रा लागेपर्यंत ८० नंबरच्या पॉलिशपेपरने किंवा रंग काढायच्या नायलॉन डिस्कने घासा. ग्राइंडरला लावलेला तारेचा ब्रश फसवा असतो. तो गंजावर चकाकी आणतो, खड्ड्यातला गंज तसाच ठेवतो. घासून झाल्यावर जवळून पाहा. चंदेरी पत्र्यावर मोहरीएवढे काळे ठिपके दिसतील. तोच उरलेला गंज, आणि गेल्या वर्षी तोच पुट्टीखाली झाकला गेला असणार. या ठिपक्यांवर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला स्थिर थरात बदलणारं रसायन, ब्रशने लावा. टॅनिक आम्लाचा असेल तर ठिपका निळसर काळा पडतो आणि तो थर तसाच ठेवायचा असतो. फॉस्फोरिक आम्लाचा असेल तर डब्यावर लिहिलेला वेळ ओला ठेवून, पाण्याने धुऊन, लगेच कोरडा करायचा. तो पत्र्यावर तसाच सुकू दिला तर उरलेलं आम्ल वरच्या प्रायमरला धरू देत नाही. साफ पत्र्यावर कन्व्हर्टर फासण्याचा काही उपयोग नाही, त्याला काम करायला गंजच लागतो.

यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, मध्ये डब्यावर दिलेल्या वेळेचं अंतर ठेवून. रेड ऑक्साइड लावून भागवू नका. दरवाज्याच्या जाळीला ते ठीक आहे, पण त्यातून ओल जाते. पुट्टी, जिला जुने रंगारी लांबी म्हणतात, ती या इपॉक्सीवर बसवायची, उघड्या पत्र्यावर कधीच नाही. पुट्टीत दगडाची भुकटी असते आणि ती स्पंजसारखी पाणी पिते. उघड्या पत्र्यावरची पुट्टी मागून ओल आली की पापड सुटावा तशी सुटते. पुट्टी घट्ट करणारा हार्डनर १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. जास्त घातला तर लवकर वाळेल असं वाटतं, पण वाढीव हार्डनर काही महिन्यांनी वरच्या रंगातून पिवळट डाग होऊन येतो. थर दोन-तीन मिलिमीटरच्या आतच ठेवा. १८० आणि मग ३२० नंबरने लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासा, वर सरफेसर, म्हणजे बारीक ओरखडे भरणारा प्रायमर, तो ६०० नंबरच्या पाणपेपरने गुळगुळीत करा, मग रंगाचे दोन-तीन पातळ हात आणि क्लिअरचे, म्हणजे वरच्या पारदर्शक थराचे, दोन.

रंग जुळवताना नुसत्या कोडवर विसंबू नका. नऊ वर्षांच्या उन्हाने रंग उतरलेला असतो. पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून दुकानात न्या आणि त्याच्याशी जुळवून घ्या. क्लिअर फोडापुरता न मारता दाराच्या आडव्या रेघेपर्यंत न्या, म्हणजे जोड दिसत नाही. हार्डनर घातलेले रंग आणि क्लिअर फवारताना कापडी मास्क पुरत नाही. त्यातली वाफ फुप्फुसाला कायमचा त्रास देऊ शकते. योग्य श्वसनयंत्र नसेल तर प्रायमर आणि पुट्टीपर्यंत घरी करून शेवटचा रंग रंगशाळेत मारून घ्या.

मुरडीच्या आतला गंज घासता येत नाही, म्हणून तो कोंडून मारायचा. रंगाआधी, इपॉक्सी वाळल्यावर, मुरडीच्या आतल्या कडेने ब्रशने सीम सीलर, म्हणजे जोडाची फट बंद करणारी पेस्ट, ओढा. तेव्हा प्रत्येक भोकात एक आगकाडी खोचून ठेवा, नाहीतर सीलरच भोकं बुजवतो. रंग आठवडाभर मुरल्यावर पोकळीत मारायचं मेण, म्हणजे कॅव्हिटी वॅक्स, लांब नळीने आतून फवारा. काच पूर्ण वर असू द्या. स्पीकर आणि काचेच्या रुळांवर फवारा जाऊ देऊ नका. एका दाराला १०० ते १५० मिलिलिटर पुरतं. पातळ मेण मुरडीत चढून बसतं, कामाची गोष्ट हीच. दिवसभर थेंब गळतील, खाली वर्तमानपत्र पसरा आणि दुसऱ्या दिवशी भोकं पुन्हा उघडी आहेत ना ते पाहा. हे मेण रंगाच्या आधी मारलंत तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतील.

आणि हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करा. जुलैमध्ये रत्नागिरीत सकाळी घासलेला पत्रा दुपारपर्यंत तांबूस होतो.

प्रश्न : गाडी नवी असतानाच खालून काळं अँटीरस्ट कोटिंग करून घेतलं होतं. तरी पाचव्या वर्षी दोन्ही पुढच्या दारांच्या तळाला गंज आहे. शेजारचे काका म्हणतात, दारात जळकं ऑइल ओता. ओतू का?
(वेंगुर्ले)

दाराच्या तळाकडे खालून, वाकून पाहा. बहुधा त्या काळ्या कोटिंगचा फवारा दाराच्या कडेवरही आला आहे आणि निचऱ्याची भोकं त्याखाली गाडली गेली आहेत. हे आम्हाला फार खटकतं, कारण ग्राहकाने गंज नको म्हणून पैसे मोजलेले असतात आणि तेच पैसे पाणी कोंडायला कारण होतात. डांबरासारखं हे कोटिंग चाकांच्या कमानी आणि गाडीच्या पोटासाठी आहे. तिथे खडी उडते, म्हणून जाड थर हवा. दाराला तो नको. वाळून तडकला की तड्यांत पाणी शिरतं आणि वरून सगळं काळंभोर शाबूत दिसत राहतं.

भोकांवरचं कोटिंग हेअर ड्रायरने मऊ करून प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा, उरलेलं केरोसिनने भिजवलेल्या फडक्याने पुसा. मग पहिल्या उत्तरातली तांब्याची परीक्षा घ्या. पुढे कुठेही कोटिंग करून घेताना दाराच्या कडा मास्किंग टेपने झाकायला स्वतः उभं राहून सांगा.

जळकं ऑइल ओतू नका. काकांचा हेतू चांगला आहे आणि तेलाने पत्रा वाचतो हेही खरं आहे, पण इंजिनातून निघालेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं आणि पाणी असतं. शिवाय ते काचेची रबरं फुगवतं, पॅडला वास लावतं आणि उरलेलं दारातून गळून अंगणात आणि विहिरीच्या वाटेला जातं.

प्रश्न : दिवाळीत नवे स्पीकर बसवून घेतले. पहिल्या मोठ्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा ओला. दुकानदार म्हणतो, छतातून गळत असेल. दाराशी संबंध असू शकतो का?
(पुणे)

असू शकतो, आणि आधी तोच तपासा. पॅडमागे जी प्लॅस्टिकची शीट असते तिला काही दुकानं पॅकिंग समजून फाडतात किंवा सेलोटेपने परत चिकटवतात. ती दाराच्या पोटातली ओली बाजू आणि गाडीची कोरडी बाजू यांच्यामधली भिंत आहे. तिची खालची कड दाराच्या फटीत, आतल्या बाजूला खोचलेली असावी लागते, म्हणजे शीटवरून ओघळलेलं पाणी परत दाराच्या पोटात पडतं. ती कड बाहेर, पॅडकडे लोंबत राहिली की तेच पाणी पॅडमागून पायाखाली येतं.

पॅड उघडून घ्या. शीट फाटली असेल तर जाड पॉलिथिन, साधारण २०० मायक्रॉनचं, जुन्या शीटवर ठेवून आकार कापा. चिकटवायला काळा ब्युटाइल टेप आणा, तो वर्षानुवर्षं चिकट राहतो. सेलोटेप आणि सिलिकॉन दोन्ही नकोत. स्पीकरच्या वर पन्हाळीसारखी छोटी टोपी येत असेल तर ती परत बसवा, नाहीतर स्पीकरचा कागदी पडदा पुढच्या पावसात जाईल. गालिचा उचलून खालचा फोम वाळवायला विसरू नका. तो ओला राहिला तर पुढचा गंज गाडीच्या तळपत्र्याला लागेल, आणि तो दारापेक्षा फार महाग पडतो.

प्रश्न : दाराला तळाशी बोट जाईल एवढं भोक पडलं आहे. एका गॅरेजमध्ये म्हणतात, आतून फोम भरून वरून फायबर लावू, वेल्डिंगची गरज नाही. स्वस्त आहे. करावं का?
(म्हापसा, गोवा)

गाडी येत्या दोन-चार महिन्यांत मोडीत जाणार असेल तरच. फोम ओल धरून ठेवतो आणि निचऱ्याची वाट कायमची बंद करतो. फायबर गंजलेल्या कडेला चिकटतो, म्हणजे सैल मातीवर भिंत बांधल्यासारखं. वर्षभरात फायबरच्या कडेने नवी रेघ उमटते आणि तोपर्यंत बोटाएवढ्या भोकाची वीत झालेली असते. शिवाय एकदा फोम भरला की पुढे तिथे वेल्डिंग करता येत नाही. फोम पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. पुढच्या कारागिराचं काम आपण अवघड करून ठेवतो.

तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. भोक एकच आणि आजूबाजूचा पत्रा टणक असेल तर तुकडा वेल्ड करा. मुरड लांबवर सडली असेल तर बाहेरचा अख्खा पत्रा किंवा जुन्या बाजारातलं दुसरं दार पाहा. मुंबईला येणं होत असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथे दार घेताना ते उलटं करून मुरड बघा, भोकांत काडी घाला, आतली शीट बाजूला करून तळ पाहा. रंग कुठला आहे याला महत्त्व देऊ नका, तो नाहीतरी बदलायचाच आहे.

एक गोष्ट समुद्राकाठच्या सगळ्यांसाठी. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी नेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने दारांच्या खालच्या कडा आणि उंबऱ्याच्या पट्ट्या धुवा. प्रेशर जेट असेल तर नोजल किमान एक फूट लांब धरा. जवळून मारलेली धार मुरडीचा सीलर उचकटते आणि मीठ आणखी आत ढकलते.

प्रश्न : घरची १९८७ ची पद्मिनी परत रस्त्यावर आणायची आहे. चारही दारांचा तळ चाळणी झाला आहे, आतला पत्राही. नवा पत्रा मिळत नाही. कारागीर गॅस वेल्डिंगने तुकडे लावून देतो म्हणतो. काय सांगू त्याला?
(सातारा)

काम सीओटू वेल्डिंगवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवणाऱ्या विजेच्या वेल्डिंगवर, करून घ्या. गॅसची ज्योत पत्रा हातभर लांब तापवते, आणि सपाट दाराचा पत्रा तापला की पोट काढतो. ते पोट झाकायला मग पाच-सहा मिलिमीटर पुट्टी भरली जाते. जुन्या हाताचे काही कारागीर गॅसवर सुरेख काम करतात, पण ते वेल्ड करताना ओल्या फडक्याने शेजारचा पत्रा थंड ठेवतात आणि नंतर ठोकून पोट बसवतात. तुमच्या कारागिराचा हात तसा असेल तर त्याला त्याच्या पद्धतीने करू द्या.

पत्रा ०.८ मिलिमीटरचा साधा सीआर (कोल्ड रोल्ड) शीट आणा. छपराचा जस्त चढवलेला पत्रा कापून वापरू नका. त्यावर वेल्ड मारला की जस्ताचा पांढरा धूर निघतो, कारागिराला ताप भरू शकतो आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात.

क्रम असा ठेवा. दार गाडीवरून उतरवण्याआधी चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवा. काच, तिचं यंत्र, पॅड, आतले डांबरी पट्टे सगळं काढा. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुतून बसतात आणि डांबर पेटतं. पाण्याची बादली जवळ ठेवा. सडका भाग कापताना कंजूषपणा करू नका. पत्र्याचा आवाज ठणठणीत येतो तिथपर्यंत वर जा. आधी आतला पत्रा जोडा. दार गाडीवर लावून फटी जुळतात का ते पाहा. जुळल्यावरच बाहेरचा तुकडा घ्या. उलटा क्रम धरला तर दार पिळलं जातं आणि मग बिजागऱ्या वाकवून जुळवाजुळव करत बसावं लागतं.

बाहेरचा तुकडा लोखंडी अँगलवर लाकडी मोगरीने ९० अंशांत वळवून घ्यायचा, नंतर तीच कड आतल्या पत्र्यावर मुरडायची. जुन्या पत्र्याला तो टोकाला टोक भिडवून जोडायचा, एकावर एक चढवून नाही. मागून चढवलेल्या तुकड्याची वरची कड दाराच्या पोटात फळीसारखी राहते आणि खाली ओघळणारं पाणी तिच्यावर थांबतं. नवा गंज नेमका त्या रेघेवर येतो. चढवावाच लागला तर तुकडा जुन्या पत्र्याच्या बाहेरून चढवा, म्हणजे आतून पाण्याला अडायला जागा नाही. वेल्डिंगची तार ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची. आधी दर २५ ते ३० मिलिमीटरवर वेल्डचा एकेक टाका मारा, मग एक इकडे, एक तिकडे असं करत मधली जागा भरा. हाताला चटका बसेल एवढा पत्रा तापला की थांबा. सलग रेघ ओढणाऱ्याला तिथेच अडवा.

निचऱ्याची भोकं नव्या पत्र्याला पाडायला हमखास विसरलं जातं. मुरड घालण्याआधी, जुन्या दाराला जिथे होती तिथेच पाडा. पद्मिनीच्या पुढच्या दारातल्या तिकोनी काचेचं रबरही बदला. ते कडक झालं की दारात पाण्याची धारच लागते, आणि मग नवा पत्राही किती पावसाळे काढेल सांगता येत नाही. वेल्डच्या मागच्या बाजूला इपॉक्सी पोचेल तिथे लांब दांड्याच्या ब्रशने लावा, बाकीचं काम रंगानंतर मेणाचं.

प्रश्न : आम्ही ओंटारिओत राहतो. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात. दरवर्षी तेलाचा फवारा मारून घ्यावा असं सगळे सांगतात. गाडी गरम गॅरेजमध्ये ठेवतो, तरी मारावा का?
(मिसिसागा, कॅनडा)

मारावा, आणि गरम गॅरेज आहे म्हणून तर नक्कीच. शून्याखाली गोठलेलं खारं बर्फ तुलनेने निरुपद्रवी असतं. गरम गॅरेजमध्ये ते वितळतं, मिठाचं पाणी मुरडीत चढतं आणि उबेमुळे गंज वेगाने चालतो. फवारा ऑक्टोबरमध्ये, रस्त्यावर मीठ पडायच्या आधी घ्या. तेल पातळ असतं म्हणून मुरडीत शिरतं, आणि पातळ असतं म्हणूनच दरवर्षी परत द्यावं लागतं. काही ठिकाणी फवाऱ्यासाठी दाराला नवं भोक पाडून प्लॅस्टिकचं बूच लावतात. शक्य असेल तर पॅडच्या बाजूने किंवा निचऱ्याच्या भोकांतूनच फवारायला सांगा. पाडलेल्या भोकाची उघडी कड म्हणजे पुन्हा उघडा पत्रा. हिवाळ्यात पारा शून्याच्या वर जाईल त्या दिवशी दारांच्या कडा खालून धुवा. बुजलेल्या दारातलं पाणी गोठून फुगलं तर मुरडच उकलते.

प्रश्न : मुंबईतली सात वर्षांची गाडी घेतो आहे. दारांचा गंज लपवला आहे का, हे कसं ओळखावं?
(नागपूर)

एक छोटं लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून दाराच्या वरच्या भागावर टेकवा आणि हळूहळू तळापर्यंत आणा. खाली येताना पकड ढिली झाली तर तिथे पुट्टीचा जाड थर आहे. मग बोटाचं पेर मुरडीच्या खालून फिरवा. कारखान्यातला सीलर सलग आणि डाव्या-उजव्या दाराला सारखा असतो. हाताने भरलेला ओबडधोबड लागतो, किंवा एका बाजूला आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. मोबाइल दाराखाली धरून फोटो काढा आणि भोकं दिसतात का पाहा. तळाला ताजं काळं कोटिंग फासलेलं असेल तर भाव ठरवण्याआधी ते एका जागी खरवडू द्यायला सांगा. मालकाने नकार दिला तर गाडी सोडा.

विम्यावर भिस्त ठेवू नका. अपघातात दार चेपलं तर दावा होतो. गंज ही झीज धरली जाते आणि ती पॉलिसीत वगळलेली असते. गाडी घरी आणल्यावर पहिल्याच रविवारी चारही दारांना, आणि डिकीच्या दारालाही, तांब्याने पाणी ओतून बघा. डिकीच्या दाराचा तळ फारसा कुणी पाहत नाही, आणि मागच्या वायपरच्या रबरातून तिथे पाणी जात असतं.